वय नको, वजन सांगा : लहान मुलांच्या अँटिबायोटिकचा हिशेब

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. विहारातली महिला मंडळाची बैठक आटोपून आम्ही निघत होतो, तेवढ्यात एक तरुण आई अडीच वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आली. "सिस्टर, हिला चार दिवस झाले खोकला आहे. औषध देतेय मी, पण उतारच नाही." मुलीच्या अंगात ताप होता. झबलं वर करून पाहिलं तर छाती भरभर हलत होती. घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले, ५४ भरले.

"कोणतं औषध देतेस?" असं विचारल्यावर तिने पिशवीतून बाटली काढली. अमॉक्सिसिलिन नावाचं अँटिबायोटिक होतं. "हिच्या दादाला दिलं होतं डॉक्टरांनी, महिन्यापूर्वी. अर्धी बाटली उरली होती. तो मोठा, त्याला एक चमचा. ही लहान, म्हणून हिला अर्धा."

मुलीचं वजन १० किलो. बाटलीवर लिहिलं होतं, दर ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम. अर्धा चमचा म्हणजे अडीच मिली, म्हणजे साधारण ६२ मिलिग्रॅम. न्यूमोनियासाठी या वजनाच्या मुलाला एका वेळी ४०० मिलिग्रॅमच्या आसपास औषध लागतं. म्हणजे गरजेच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी औषध तिच्या पोटात जात होतं, आणि तेही महिन्याभरापूर्वी कालवलेलं, जोर गेलेलं. त्या रात्री मुलीला सरकारी रुग्णालयात दाखल केलं, ऑक्सिजन लावावा लागला. पाच दिवसांनी ती घरी आली. आता बरी आहे.

त्या आईला दोष द्यायचा नाही. तिने औषध दिलं, वेळेवर दिलं, रात्री जागून दिलं. फक्त औषधाचा हिशेब तिला कोणी सांगितलाच नव्हता. तो हिशेब चौथीच्या गणिताएवढाच आहे. आज तो आपण शिकू.

अँटिबायोटिक कशावर चालतं?

सर्दी, खोकला, ताप, जुलाब हे आजार दोन प्रकारच्या जंतूंमुळे होतात. एक विषाणू आणि दुसरे जिवाणू. अँटिबायोटिक फक्त जिवाणूंना मारतं. विषाणूंवर ते काहीही करत नाही.

मुलांची नाक वाहणारी सर्दी, साधा खोकला आणि फ्लू हे विषाणूंमुळे होतात. पाण्यासारखे जुलाबही बहुतेक वेळा विषाणूंमुळेच होतात. त्यांना अँटिबायोटिक लागत नाही. जुलाबात मुलाला ओआरएसचं पाणी, अंगावरचं दूध, पेज, पातळ वरण द्यायचं आणि झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम आणि सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम झिंक देतात. ओआरएस आणि झिंक दोन्ही आशाताईंकडे आणि सरकारी केंद्रात मोफत मिळतात.

अँटिबायोटिक कुठे लागतं? न्यूमोनिया, जुलाबात रक्त पडणं, लघवीच्या मार्गातला संसर्ग, टायफॉइड, पिकलेला कान किंवा घसा यांपैकी काही आजार, त्वचेवर पसरणारे पू भरलेले फोड. यातलं काय झालं आहे हे तपासूनच कळतं. म्हणून पहिला नियम असा, की अँटिबायोटिक द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. या पाठातला हिशेब घरच्या घरी अँटिबायोटिक सुरू करण्यासाठी नाही. डॉक्टरांनी दिलेलं औषध बरोबर मापात मुलाच्या पोटात जावं, आणि कुठे चूक होत असेल तर ती आपल्या लक्षात यावी, यासाठी आहे.

वजनच का?

दोन माणसांच्या वरणात जेवढं मीठ घालतो, तेवढंच दहा माणसांच्या पातेल्यात घातलं तर चव लागेल का? आणि दहा माणसांचं मीठ दोघांच्या वरणात घातलं तर तोंडात घालवेल का? औषधाचंही तसंच आहे. पोटात गेलेलं औषध रक्तातून सगळ्या अंगात पसरतं. अंग जेवढं मोठं, तेवढं ते पातळ होतं. जंतू मरायला औषधाचा जोर एका ठराविक पातळीवर जावा लागतो आणि तिथे काही तास टिकावा लागतो. त्याच्या खाली राहिला तर जंतू मरत नाहीत. फार वर गेला तर मुलाला त्रास होतो.

मग वयावरून का नाही ठरवायचं? कारण एकाच वयाची मुलं एका वजनाची नसतात. आपल्या वस्तीत तर नाहीतच. चार वर्षांच्या मुलाचं वजन साधारण १६ किलो असायला हवं. पण एकाच गल्लीत चार वर्षांचा एक मुलगा १७ किलोचा आणि दुसरा १२ किलोचा सापडतो. दोघांना "चार वर्षांचा ना, एक चमचा" म्हणून औषध दिलं, तर एकाला कमी पडेल किंवा दुसऱ्याला जास्त होईल. जिथे कुपोषण आहे, तिथे वयावरचा अंदाज सगळ्यात जास्त चुकतो.

दोन गोष्टी इथे ध्यानात ठेवा. नुकत्या जन्मलेल्या बाळाचं मूत्रपिंड पूर्ण तयार झालेलं नसतं, त्यामुळे औषध अंगातून हळू बाहेर पडतं. म्हणून दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला हा हिशेब लागू नाही. त्याचा डोस रुग्णालयातच ठरतो. आणि मूल मोठं, वजनदार झालं की हिशेबालाही मर्यादा येते. मोठ्या माणसाच्या डोसच्या वर मुलाचा डोस जात नाही.

हिशेब दोन पायऱ्यांचा

पहिली पायरी : मुलाचं वजन × दर किलोला लागणारं औषध = एका वेळचे मिलिग्रॅम.

दुसरी पायरी : एका वेळचे मिलिग्रॅम ÷ बाटलीच्या ५ मिलीतले मिलिग्रॅम × ५ = एका वेळचे मिली.

मिलिग्रॅम म्हणजे औषधाचं वजन. मिली म्हणजे पातळ औषधाचं माप. या दोघांत गल्लत करू नका.

वर सांगितलेल्या मुलीचं उदाहरण घेऊ. न्यूमोनियासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेला अमॉक्सिसिलिनचा डोस दर किलोला एका वेळी ४० मिलिग्रॅम, दिवसातून दोन वेळा, असा आहे. मुलगी १० किलोची. १० × ४० = ४०० मिलिग्रॅम. बाटली दर ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमची असेल तर ४०० ÷ १२५ × ५ = १६ मिली. बाटली दर ५ मिलीत २५० मिलिग्रॅमची असेल तर ४०० ÷ २५० × ५ = ८ मिली. औषध तेच, मुलगी तीच, पण बाटली बदलली की माप निम्मं होतं. कोणी शेजारीण "आम्ही तर आठ मिली देत होतो" म्हणाली, तरी तिची बाटली कोणती होती हे पाहिल्याशिवाय तो आकडा उचलायचा नाही.

सरकारी केंद्रात हा हिशेब दर वेळी करत बसत नाहीत. तिथे वजनाचे गट ठरलेले असतात आणि गटाप्रमाणे गोळ्या देतात. त्यामुळे डॉक्टरांचा आकडा तुमच्या आकड्यापेक्षा थोडा मागेपुढे असेल. ते चूक नव्हे. शिवाय आजार बदलला की दर किलोचं प्रमाणही बदलतं. पण तुमच्या हिशेबाच्या दुप्पट किंवा निम्मं माप दिसलं तर मात्र न लाजता विचारा, "डॉक्टर, हिचं वजन १० किलो आहे, एवढाच डोस ना?"

एक खड्डा सांगते. पुष्कळ ठिकाणी डोस दर दिवसाचा लिहिलेला असतो. "दर किलोला दिवसाला ८० मिलिग्रॅम" म्हणजे ते दिवसभराचं औषध झालं. ते दोन वेळांत वाटायचं. कोणी ते एका वेळचं समजून दोनदा दिलं, तर मुलाच्या पोटात दुप्पट औषध जाईल.

तापाच्या औषधातली चूक

पॅरासिटामॉल हे अँटिबायोटिक नाही, पण प्रत्येक घरात असतं आणि मापाची सगळ्यात धोक्याची चूक त्यातच होते. तापासाठी ते दर किलोला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम देतात. दोन वेळांत सहा तासांचं अंतर ठेवायचं आणि चोवीस तासांत चार वेळांच्या वर द्यायचं नाही.

हे औषध तीन प्रकारच्या बाटल्यांत मिळतं. साधं सिरप दर ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं असतं. जास्त ताकदीचं सिरप दर ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचं असतं. आणि बाळांच्या ड्रॉप्सची छोटी बाटली असते, तिच्यात दर एका मिलीतच १०० मिलिग्रॅम असतात. आता १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचं आहे. साध्या सिरपचे ६ मिली, जास्त ताकदीचे ३ मिली, आणि ड्रॉप्सचे फक्त दीड मिली. बाटली छोटी, म्हणून औषध हलकं असेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ड्रॉप्स सगळ्यात कडक असतात. सिरपच्या सवयीने ड्रॉप्स ६ मिली पाजले, तर एका वेळी ६०० मिलिग्रॅम, म्हणजे चौपट औषध जाईल. असं पुन्हा पुन्हा झालं तर मुलाचं यकृत निकामी होऊ शकतं. चुकून जास्त औषध गेलं असं कळलं, तर मूल हसतं-खेळतं दिसलं तरी बाटली घेऊन लगेच रुग्णालयात जा. यकृताचा त्रास दिसायला एक-दोन दिवस लागतात, आणि उपाय लवकरच करावा लागतो.

सर्दीच्या पुष्कळ औषधांतही पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. तापाचं एक, सर्दीचं एक अशा दोन बाटल्या चालू असतील, तर दोन्हींत तेच औषध नाही ना, हे दुकानदाराला विचारून घ्या.

पावडरची बाटली कशी कालवायची?

मुलांची बरीच अँटिबायोटिक कोरड्या पावडरीच्या रूपात मिळतात. पाणी कमी पडलं तर औषध कडक होतं, जास्त पडलं तर पातळ होतं, आणि मग वरचा सगळा हिशेब फुकट जातो. म्हणून असं करा :

पाणी उकळून पूर्ण गार करून घ्या. बाटलीसोबत पाण्याची कुपी आली असेल तर तीच वापरा. बाटली आधी हातावर आपटून पावडर सुटी करा. बाटलीवर रेघ किंवा बाण असतो. आधी त्याच्या निम्म्यापर्यंत पाणी घाला, झाकण लावून जोरात हलवा. फेस बसू द्या. मग पाणी बरोबर रेघेपर्यंत आणा आणि पुन्हा हलवा. कालवल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहा.

प्रत्येक वेळी देण्याआधी बाटली हलवायचीच. नाहीतर औषध तळाशी बसतं. पहिले दिवस पातळ पाणी जातं आणि शेवटी तळाचा गाळ.

कालवलेलं औषध किती दिवस चालेल ते लेबलवर असतं, बऱ्याचदा सातच दिवस. त्यानंतर उरलेलं टाकून द्यायचं. ते पुढच्या आजारासाठी नाही आणि धाकट्यासाठीही नाही. काही औषधं कालवल्यावर फ्रिजमध्येच ठेवावी लागतात. घरी फ्रिज नसेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही. अमॉक्सिसिलिनची पाण्यात विरघळणारी गोळी मिळते. दर वेळी चमचाभर पाण्यात ताजी विरघळवून पाजायची. तिला फ्रिज लागत नाही.

चमचा बाजूला ठेवा

स्वयंपाकघरातला कोणताही चमचा औषधाचं माप नाही. आमच्या बैठकीत आम्ही दहा घरांतले चहाचे चमचे आणून पाणी मोजलं होतं. एकाचं माप दुसऱ्याला जुळेना. बाटलीवरचं झाकण-माप वापरा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे औषधाच्या दुकानातून ५ मिलीची नवी सिरिंज घ्या, सुई काढून टाका, आणि तिने मोजा. तिच्यावर अर्धा मिलीही नीट दिसतो. मुलाला बसतं धरून सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला लावायची आणि हळूहळू सोडायची. नाक दाबून, आडवं पाडून औषध ओतू नका, ते श्वासनळीत जाऊ शकतं. प्रत्येक मुलाची सिरिंज वेगळी ठेवा आणि वापरल्यावर धुऊन सुकवा.

वेळ, दिवस आणि चुकलेला डोस

दिवसातून दोन वेळा म्हणजे बारा तासांनी, तीन वेळा म्हणजे आठ तासांनी. कामाला जाणाऱ्या आईला सकाळी सात आणि संध्याकाळी सात ही वेळ जमते. दुपारचा डोस असेल तर आजी किंवा मोठ्या ताईला सिरिंजवर पेनाने खूण करून दाखवा, "इथपर्यंत". डोस दिला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर बरोबरची खूण करा. म्हणजे आईने दिलं, आजीनेही दिलं, असं दोनदा होणार नाही.

डोस विसरला तर आठवताच द्या. पण पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर राहिलेला सोडून द्या. दोन डोस एकदम देऊ नका. अँटिबायोटिक दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत मुलाने ओकलं, तर तो डोस पुन्हा द्या. सारखंच ओकत असेल तर डॉक्टरांकडे न्या.

दुसऱ्या दिवशी ताप उतरतो, मूल खेळायला लागतं आणि औषध बंद होतं. असं करू नका. डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस पूर्ण करा. त्याहून जास्तही मनाने देऊ नका. दोन-तीन दिवसांत काहीच फरक दिसला नाही तर स्वतः डोस वाढवू नका आणि दुकानातून "जोराचं" दुसरं औषधही आणू नका. मुलाला परत दाखवा. अंगावर पित्त उठल्यासारख्या गांधी आल्या, ओठ-चेहरा सुजला किंवा श्वासाला त्रास झाला, तर औषध थांबवून ताबडतोब रुग्णालयात जा. पुढे कोणत्याही डॉक्टरांना त्या औषधाचं नाव सांगायला विसरू नका.

अर्धवट औषधाचं नुकसान सगळ्या घराला

कमी मापाच्या औषधाने कमजोर जिवाणू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. ते वाढतात. मग तेच औषध त्यांच्यावर चालेनासं होतं. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक घेताना केलेल्या व्याख्यानातच हा इशारा दिला होता, की लोक गरजेपेक्षा कमी औषध घेतील आणि जंतूंना सोसायला शिकवतील. आपण एका खोलीत पाच-सहा जण राहतो, एकाच नळावर पाणी भरतो. एका मुलाच्या अंगात तयार झालेला चिवट जंतू त्याच्यापुरता राहत नाही. तो भावंडांकडे जातो, म्हाताऱ्या आजीकडे जातो. मग साधं औषध निकामी होतं आणि महागडी इंजेक्शनं घ्यावी लागतात. तो खर्च आपल्याला झेपणारा नाही.

म्हणूनच औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते. लाल रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घ्यायचं नाही. पुढच्या वेळी पाकीट हातात आलं की ती रेघ शोधा.

कधी वाट पाहायची नाही?

मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पुढीलपैकी एक जरी खूण दिसली तरी थेट रुग्णालयात जा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो. मूल काहीच पीत नाही. सगळं ओकून टाकतं. झटके येतात. हाक मारली तरी नीट जागं होत नाही. ओठ निळे पडतात. दोन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं, थंड पडलं किंवा दूध ओढेनासं झालं, तर घरात कोणतंही औषध न देता निघा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

दवाखान्यात आणि दुकानात विचारायचे प्रश्न

माझ्या मुलाचं वजन आज केलं का? चिठ्ठीवर ते लिहिलं का? हे औषध कशासाठी आहे, ते अँटिबायोटिक आहे का? एका वेळी किती मिली, दिवसातून किती वेळा, किती दिवस? दुकानदाराने दिलेली बाटली चिठ्ठीवरच्याच ताकदीची आहे ना? हे पाच प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात. विचारणं म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. चांगला डॉक्टर त्यावर रागावत नाही. अक्षर वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.

अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं. तो आकडा घरात कॅलेंडरवर लिहून ठेवा. रात्री-अपरात्री डॉक्टरांकडे जावं लागलं, तर तो तुमच्याजवळ तयार असेल.

सराव

१. मूल ८ किलोचं आहे. पॅरासिटामॉल एका वेळी दर किलोला १५ मिलिग्रॅम द्यायचं आहे. बाटली दर ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमची आहे. किती मिली?

२. मूल १२ किलोचं आहे. डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन एका वेळी ४८० मिलिग्रॅम सांगितलं. बाटली दर ५ मिलीत २५० मिलिग्रॅमची आहे. किती मिली?

३. शेजारणीने तिच्या मुलाची उरलेली बाटली देऊ केली. काय कराल?

उत्तरं : पहिल्याचं १२० मिलिग्रॅम, म्हणजे ४.८ मिली. दुसऱ्याचं ९.६ मिली. तिसऱ्याचं, तिचे आभार माना, बाटली परत द्या आणि मुलाचं वजन करून डॉक्टरांकडे जा.

त्या मुलीची आई आता आमच्या बैठकीला न चुकता येते. नव्या आयांना सिरिंज धरायला तीच शिकवते. गेल्या आठवड्यात एक बाई तिला विचारत होती, "अगं, माझा दोन वर्षांचा आहे, किती देऊ?" तिने उत्तर दिलं, "वय नको सांगूस. वजन सांग."